दळण होईपर्यंत

जेल रोडला बोराड्यांची गिरणी आहे.
तिथं, डब्यांच्या रांगेमागं, माझी एक फळी.
बेचाळीस पुस्तकं. वरून जुनी चादर घालते,
तरी पीठ बसायचं ते बसतंच.

बत्तीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
उजेडापुढं धरायची, डाग दिसला की बाजूला.
एकसुद्धा घरी आणली नाही.
गेटवर झडती असायची.
आता माझ्या हातून कागद घरोघर जातो,
वहीत नाव लिहिते तेवढंच, तेही पेन्सिलीनं.

पाच किलो गहू, पुढं तीन डबे:
म्हणजे वीस पानं.
बाजरी मध्ये आली, पट्टा घसरला,
तर तीस.
हा हिशोब मला प्रेसनं नाही शिकवला.

कौस्तुभ येतो, डबा त्याच्या छातीला लागतो.
"काकू, चित्रं आहेत?"
आहेत रे. दिवाळीनंतरच आलंय, अजून वास जात नाही बघ.
यात एक गोगलगाय आहे,
तिचं घर भाड्याचं आहे,
आणि मालक दर एक तारखेला येतो.
बाराव्या पानावर त्या मालकाचं तोंड बघ.
तो उभ्यानंच बघतो. हसतो.
मग डब्यावर बसून पहिल्यापासून सुरू करतो.

श्रावस्ती पगारे अकरावीला.
क्लासची सॅक, कानात वायर,
पुस्तक घेण्याआधी माझीच तोंडी परीक्षा:
"शेवटी कुणी सुधारतं का? मग नको.
आजारी पडून मरतं का? मग नकोच."
मी फळीवर बोट फिरवत राहते.
हे ने. एक मुलगी आहे, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसते,
बापाशी दोनशे पानं बोलत नाही.
"आणि नंतर?"
नंतर बाप थोडा वेळ गप्प बसतो.
"बस?"
बस.
कानातली वायर काढून ती सॅकमध्ये ठेवते.

मोठ्या माणसांचं अवघड.
त्यांना आपल्याला काय आवडतं ते माहीत असतं,
निदान तसं ती सांगतात.
दत्तू ताजणे रिक्षा लावतात, नाशिकरोड ते शालिमार.
"काहीतरी द्या हो, अक्षर मोठं असलं पाहिजे."
मी टोलनाक्यावरच्या बाईचं दिलं.
तिनंच लिहिलंय, यंदाच छापलंय.
सव्वीस वर्षं खिडकीत बसून
तिनं नुसते हात पाहिले.
कोण कसे पैसे देतं, एवढ्यावर अख्खं पुस्तक.
मला कळतं ते. मीही हातांचंच काम केलं.

तीन आठवड्यांनी परत.
"नाही जमलं बुवा," म्हणाले, रिक्षा चालूच ठेवून.

कोण कुठवर पोचलं ते मला विचारावं लागत नाही.
पिठाचे अंगठे असतात कोपऱ्याला.
ताजण्यांचा अंगठा सदतिसाव्या पानापर्यंत आहे,
मोठा, नखाशी थोडा तेलकट.
पुढं कोरं.
मग एक्केचाळिसावर
हळद.
बारीक बोट, करंगळीच असेल.
साठावर फोडणीचा थेंब, शंभरावर पुन्हा हळद,
एकशेचाळिसाव्या पानाचा कान दुमडून
परत सरळ केलेला, घाबरून केल्यासारखा.
शेवटच्या पानाला ओल लागून सुकलेली.

त्या बाईंना मी कधी पाहिलं नाही.
त्यांचं दळण ताजणेच आणतात.

पान उजेडापुढं धरलं. सवय.
नोट असती तर बाद केली असती,
शिक्का मारून, एका क्षणात.

शनिवारी ताजणे आले. मी काही बोलले नाही.
ज्वारीच्या पिठाच्या पिशवीवर
दुसरं एक ठेवलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बहिणींचं,
परवाच आलेलं, अक्षर बारीक.
"अहो, मला नाही जमत," ते म्हणाले.
असू द्या, म्हटलं, घरी पडून राहील.

तेवढ्यात आतून बोराडे ओरडले:
काकू, ही नाचणी कुणाची?